दोघांपुरती फ्रिक्वेन्सी

पुण्याला जाऊन यायला गळा लागत नाही, असं मी निघायच्या आदल्या दिवशी पाटीवर लिहून बायकोला दाखवलं. तिने वाचलं, पाटीचा वरचा कागद उचलून अक्षरं घालवली आणि माझा स्वेटर बॅगेत कोंबला. तिला सोबत यायचं होतं. दुकान कोण सांभाळणार, हा माझा प्रश्न खरा होता. एकट्याने प्रवास जमतो का ते बघायचं होतं, हेही खरं होतं.

पाटी म्हणजे लहान मुलांची प्लास्टिकची असते ती. चाळीसगावात माझं बॅटऱ्यांचं दुकान आहे. गळ्याच्या कॅन्सरमध्ये डॉक्टरांनी माझं स्वरयंत्र काढलं, त्याला तेव्हा तीनेक वर्षं झाली होती. तेव्हापासून मी मानेच्या खळग्यात ठेवलेल्या भोकातून श्वास घेतो. त्यावर पांढरं फडकं बांधलेलं असतं. आवाज गेला तसा वासही गेला, कारण नाकातून हवा जातच नाही. गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र मुंबईहून आणलं होतं. त्याची घरघर ऐकून दुकानातलं गिऱ्हाईक दचकायचं. ते बिघडलं, तेव्हा दुरुस्त केलं नाही.

एक गोष्ट मात्र शिल्लक होती. मी हॅम आहे, म्हणजे सरकारी लायसन घेतलेला हौशी रेडिओवाला. तरुणपणी परीक्षा दिली, त्यात मोर्सही होतं, म्हणजे छोट्या-लांब ठोक्यांची तारेची भाषा. घरच्या यंत्रावरून देशात, देशाबाहेर अनोळखी लोकांशी गप्पा मारायच्या, एवढाच हा नाद. गळा होता तोवर माइकवर बोललो. गळा गेल्यावर दोन वाटा उरल्या. एक कॉम्प्युटरची. की-बोर्डवर टाइप केलेलं हवेतून जातं आणि समोरच्याच्या पडद्यावर उमटतं, त्याला आमच्यात डिजिटल म्हणतात. दुसरी वाट जुन्या मोर्सची.

मोर्सवरच मला हमीद बागवान भेटले. पुण्याचे, सत्तरीकडे झुकलेले, कारखान्याच्या कचेरीतून निवृत्त. साखरेने त्यांचे डोळे गेले होते. त्यांना पडदा दिसत नाही, म्हणजे माझं टाइप केलेलं त्यांच्यापर्यंत पोचत नाही. मला आवाज नाही, म्हणजे माइकवर मी नाही. मोर्स मात्र मला हाताने वाजवता येतं आणि त्यांना कानाने ऐकता येतं. रोज सकाळी रेडिओवर आमची एक ठरलेली जागा होती, म्हणजे ठरलेली फ्रिक्वेन्सी. इंग्रजी अक्षरांत मराठी गप्पा. वाजवायला 'तुम्ही'पेक्षा 'तू' सोपं, म्हणून पहिल्याच आठवड्यात आम्ही अरे-तुरेवर आलो होतो. एकमेकांना भेटलो मात्र कधीच नव्हतो.

पुण्याचं बोलावणं त्यांचं नव्हतं. कोथरूडचे मिलिंद सबनीस म्हणून एक हॅम आहेत, सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या हुद्द्यावर. त्यांनी पुण्याच्या आसपासच्या हॅम लोकांची सभा बोलावली होती. हॅमना मिळालेल्या रेडिओच्या पट्ट्यात, म्हणजे बँडमध्ये, डिजिटलला कुठे आणि किती जागा असावी, एका सिग्नलची रुंदी किती चालावी, याबद्दल दिल्लीला सूचना पाठवायची होती. "वाणीकाका, तुम्ही आलात तर डिजिटल कशासाठी हवं ते लोकांना एका मिनिटात कळेल," असं त्यांनी मेलवर लिहिलं. टाइप करून मी पुन्हा बोलता कसा झालो, यावर त्यांनी मागितलेलं एक पान मी आधीच पाठवलं होतं. त्यातला शब्दन् शब्द खरा होता.

मी पुण्याला येतोय, हे हमीदला वाजवून सांगितलं. उत्तर यायला जरा वेळ लागला. मग आलं, 'ये. पण सभेच्या आधी माझ्याकडे ये.'

वारजे

स्टेशनवर घ्यायला माझा पुतण्या योगेश मोटारसायकल घेऊन आला. तो वारज्याला राहतो. चाळीसगावात पाहुणा उतरला की आधी पाणी विचारतात. योगेशने आधी हेल्मेट दिलं. थंडीचे दिवस, संध्याकाळची वेळ, आणि पुणं तेव्हा जिकडेतिकडे खणलेलं. रस्त्यातल्या निम्म्या पोरींनी डोळे सोडून सगळं तोंड ओढणीने बांधलेलं. माझ्या गळ्यातल्या फडक्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही, त्याचं मला फार बरं वाटलं. गावात अजून लोक नजर चुकवतात.

हे बरं वाटणं हायवेच्या पुलापर्यंत टिकलं. तिथे गार वारा आणि धूळ एकदमच फडक्यातून आत गेली आणि मला खोकल्याची उबळ आली. माझा खोकला तोंडातून येत नाही, गळ्यातून येतो, आणि त्याला खोकल्याचा आवाज नसतो. योगेशला पाठीवर नुसते धक्के जाणवले. त्याला वाटलं, काका पुलाचं कौतुक करतायत. तो जोरात ओरडून म्हणाला, "हो ना! पूर्वी इथे नुसती शेतं होती!" शेवटी मी त्याच्या हेल्मेटवर चापट मारली, तेव्हा त्याने गाडी बाजूला घेतली. मी कठड्याला धरून उभा राहिलो. शेजारून गाड्या धडधडत जात होत्या. योगेशचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी पाटीवर लिहिलं, 'पूल छान आहे.' तो हसला नाही.

त्याच्या बायकोने जेवायला आमटी केली होती. गूळ घातलेली. आमच्याकडे आमटीत गूळ घातला तर पाहुणा उठून जाईल. मी दोनदा मागून घेतली, कारण पोरीने मनापासून केली होती आणि वास नसला की गोड तेवढं नीट कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरच्या हॉटेलात गेलो. मिसळ हवी होती, पण तिखट बेताचं, कारण ठसका लागला तर माझे हाल होतात. पाटीवर तसं लिहून गल्ल्यावरच्या गृहस्थांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, वाचलं आणि म्हणाले, "मौन आहे का आज?"

मी फडक्याकडे बोट दाखवलं.

"मग मिसळ कशाला खाता?" असं म्हणून त्यांनी आत आवाज दिला, "एक मिसळ, रस्सा वेगळा, दही जास्त द्या!" आणि मला म्हणाले, "बसा. घाई करू नका." पुण्यातलं हे मला शेवटपर्यंत नीट उमगलं नाही. आधी टोमणा, मग दही.

विश्रांतवाडी

हमीद मुलाच्या फ्लॅटमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहत होते. मूळ घर शहरात, मार्केटजवळ. पिढ्यान् पिढ्या फळांचा धंदा. मुलाची नोकरी विमानतळाकडे म्हणून इकडे आलेले. गच्चीवरून खाली येणारी रेडिओची वायर मी रस्त्यावरूनच ओळखली. मनातून हरखून गेलो होतो. बेल वाजवली.

सपाता घासत कोणीतरी आलं. "कोण?"

मी उभा.

"कोण आहे? दूध असेल तर पिशवी कडीला लावा."

घाईघाईने पाटी काढली, 'वाणी' असं लिहिलं आणि दाराच्या भिंगासमोर धरली. मग लक्षात आलं, भिंगाच्या पलीकडे कोण उभं आहे ते.

"बोलायचं नसेल तर बेल वाजवू नये," आतून शांत आवाज आला. "एवढं तरी पाळा."

सपाता परत निघाल्या. इतक्या लांबून आलो आणि दारातून परत जाणार. मग हात आपोआप दाराकडे गेला. बोटाचा ठोका म्हणजे मोर्सचा छोटा, नखाचा ओरखडा म्हणजे लांब. मी दारावर वाजवलं, 'हमीद.'

सपाता थांबल्या.

'मी दिनू.'

मग दाराच्या आतल्या बाजूने, माझ्या हातासमोरच, ठोके आले. 'दिनू?' आणि साखळी निघाली.

उंच, गोरा, खादीच्या बंडीतला माणूस. माझ्या डोक्याच्या जरा बाजूला बघत म्हणाला, "आपण... या, या ना आत." आणि मग खो खो हसला. "रोज तुला तू म्हणतो, आणि दारात तोंडातून आपण निघालं बघ. हाताला तुझी सवय आहे, तोंडाला नाही."

आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसलो. ते बोलत होते, मी चमच्याने स्टीलच्या ताटलीवर वाजवत होतो. शमीमवहिनी भाजी घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. "मला वाटलं, घरात सुतार बोलावलाय," म्हणाल्या. मग पिशव्या टाकून पदराने डोळे पुसायला लागल्या. त्यांनी माझं नाव रोज ऐकलं होतं आणि माणूस पहिल्यांदा पाहिला होता.

मी खानदेशातला आणि शाकाहारी, हे त्यांना ठाऊक होतं. वांग्याचं भरीत केलं होतं. "तुमच्यासारखी वांगी इथे मिळत नाहीत, समजून घ्या," म्हणाल्या. मी ताटलीवर वाजवलं, 'फार छान.'

"खोटं," हमीद म्हणाले. "याला धुराचा वास कळतच नाही. भरतात दुसरं असतं काय?"

वहिनी रागावल्या त्यांच्यावर. मी मात्र हसलो. माझं हसणंही बिनआवाजी असतं. पण हमीदनी खुर्ची हललेली ऐकली असावी, कारण तेही हसले.

जेवणानंतर ते मला कोपऱ्यातल्या रेडिओशी घेऊन गेले. "बस. ऐक जरा." आमच्या जागेवर यंत्र लावलेलं होतं. कऱ्हाडचे एक डॉक्टर मोर्सवर हाक मारत होते. सिग्नल बारीक, पण स्वच्छ. हमीदनी उत्तर दिलं, 'कसे आहात.' डॉक्टर काही सांगू लागले आणि मध्येच एक कर्कश, जाड खरखर सुरू झाली. पत्र्यावरून खडी ओतल्यासारखी. डॉक्टर त्याखाली बुडाले. हमीदनी बटण इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. खरखर सगळीकडे पसरलेलीच.

हा आवाज मी घरी अधूनमधून ऐकला होता. तिकडे तो क्षीण यायचा. मला वाटायचं, कोणाचा तरी इन्व्हर्टर बिघडला आहे.

"आता शेवट ऐक," हमीद म्हणाले. खरखर थांबली आणि यंत्राने वाजवलेल्या भरधाव मोर्समध्ये एक कॉलसाइन, म्हणजे हॅमचं ओळखनाव, आलं. सबनीसांचं. "आपण कोण ते सांगावं लागतं ना, म्हणून तेवढं मोर्समध्ये. हे त्यांचं मेलचं केंद्र, रेडिओवरून ई-मेल पोचवणारं. आपोआप चालतं. कोणीतरी मेल पाठवायला हाक मारली की हे उठतं. आपल्या मोर्सला पायवाटेएवढी जागा लागते, याला ट्रक जाईल एवढी. आणि माणूस सुरू करण्याआधी ऐकतो तरी, जागा मोकळी आहे का ते विचारतो. हे विचारत नाही. कोणाला विचारणार? तिथे कोणी बसलेलंच नसतं."

मी टेबलावर वाजवलं, 'पण मी तर टायपिंगबद्दल लिहिलं. ते बारीक असतं. मोर्सएवढंच.'

"माहीत आहे," ते म्हणाले. "शमीम, तो मसुदा आण."

सभेच्या मसुद्याची छापील प्रत सबनीसांनी सगळ्या पुणेकर हॅमना वाटली होती. बाहेरगावच्यांना नव्हती. वहिनींनी चष्मा लावून वाचून दाखवला. पट्ट्यातल्या जागा मोर्स, आवाज, डिजिटल अशा नावाने वाटू नयेत. फक्त रुंदीची एक मर्यादा असावी, आणि तेवढ्या रुंदीचा कुठलाही सिग्नल कुठेही चालावा. मर्यादा ठेवली होती ती त्या खरखरीला बरोबर पुरेल एवढी. आणि शेवटी परिशिष्ट म्हणून माझं पान जोडलेलं होतं. वहिनी तेही वाचत सुटल्या. 'माझा गळा गेला तेव्हा वाटलं, आता मी कोणाशीच बोलणार नाही...'

मी त्यांना थांबा म्हणून हात केला. त्यांचं लक्ष कागदात होतं. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं.

"सुंदर लिहिलंयस," हमीद म्हणाले. ते मनापासून म्हणाले आणि त्यामुळे मला जास्त लागलं.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "उद्या काय करणार?"

'ते पान परत घेतो. आणि सांगतो.'

"कसं सांगणार? पाटीवर? चाळीस माणसांना?" मग म्हणाले, "मी येतो. तू वाजव, मी बोलतो."

वहिनी म्हणाल्या की हे गेले कित्येक महिने दवाखान्याशिवाय कुठे गेलेले नाहीत. हमीद म्हणाले, "मग इस्त्रीचा शर्ट मिळेलच."

कोथरूड

सभा सबनीसांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये होती. सबनीस माणूस वाईट असता तर मला हे लिहिणं सोपं गेलं असतं. ते गेटपर्यंत आले, हमीदना हाताला धरून पायऱ्या उतरवल्या, माझ्या खुर्चीजवळची खिडकी धूळ येते म्हणून स्वतः बंद केली. पोहे होते, चहा होता. सगळ्यात ज्येष्ठ असे एक गृहस्थ, ज्यांना सगळे काका म्हणत होते, त्यांच्याशी ओळख करून दिली. त्यांनी माझं आडनाव ऐकलं, फडकं पाहिलं आणि म्हणाले, "वाणी? दैवाला विनोद कळतो म्हणायचा."

सबनीसांनी सुरुवात केली. पुरात फोन बंद पडतात, मोबाइलचे टॉवर जातात, तेव्हा रेडिओवरून मेल गेला तर माणसं वाचतील. त्यासाठी ही केंद्रं हवीत आणि त्यांना जागा हवी. शिवाय मोर्सचा भाग दिवसेंदिवस ओस पडतो आहे. आपण जागा वापरली नाही तर उद्या ती दुसरं कोणीतरी मागेल. सगळं पटण्यासारखं होतं. मलासुद्धा पटत होतं, हे मी इथे लिहून ठेवतो.

मग ते म्हणाले, "आता वाणीकाका."

मी उभा राहिलो नाही. खिशातून चमचा काढला, पाण्याच्या रिकाम्या तांब्यावर वाजवायला सुरुवात केली आणि शेजारी हमीद उठून उभे राहिले. बऱ्याच जणांना मोर्स येत होतं. त्यांना दोन्ही ऐकू येत होतं, तांब्या आणि आवाज.

"मी दिनकर वाणी," हमीद म्हणाले. "मला बोलता येत नाही. हे हमीद बागवान, यांना दिसत नाही. टायपिंगने मला पुष्कळ दिलं. ते मी नाकारत नाही. पण मी टाइप केलेलं यांना दिसत नाही. आम्हा दोघांना जोडणारा एकच धागा आहे, तो तुम्ही ऐकताय. तो फार बारीक आहे. पट्ट्याच्या खालच्या टोकाला थोडी जागा बारीक सिग्नलसाठी ठेवा. मोर्स ठेवा, टायपिंगही ठेवा. जाड सिग्नल आणि आपोआप चालणारी केंद्रं तिथे नकोत, एवढंच. मेलसाठी उरलेला सगळा पट्टा घ्या."

हमीदचा आवाज मधेच एकदा कापरा झाला. तो माझ्या शब्दांनी झाला की त्यांच्या स्वतःच्या, मला सांगता येत नाही. ते खाली बसले तेव्हा टाळ्या झाल्या. खूप वेळ झाल्या. मागचे काही जण उभे राहिले. एकाने डोळे पुसले. हमीदनी माझा दंड घट्ट धरला. त्यांचा चेहरा उजळला होता.

काका सावकाश उठले. "तुम्हा दोघांचं फार हृद्य आहे," ते म्हणाले. "मी टाळ्या वाजवल्या. पण हृद्य आहे म्हणून फ्रिक्वेन्सी देता येत नाही. नियम सगळ्यांसाठी करायचा असतो."

सबनीस म्हणाले, "वाणीकाका, तुमच्यासाठी वाईट वाटतं, खरंच. पण एक तुकडा राखीव केला की आणखी दहा जण आपापला तुकडा मागतील. दिल्लीला पाठवायचं ते सुटसुटीत हवं." मग सगळ्यांकडे वळून, "तरी या दोघांची दुरुस्ती मताला टाकू या. बाजूने कोण, हात वर करा."

मी हात वर केला. हमीदनी केला, अगदी ताठ. मी वळून पाहिलं. मघाशी उभे राहिलेले सगळे आता बसले होते आणि मांडीवरच्या कागदांकडे बघत होते. भिंतीजवळ एकच हात वर होता. ते कऱ्हाडचे डॉक्टर असावेत असं मला वाटलं.

"धन्यवाद," सबनीस म्हणाले. "विरुद्ध?"

हात वर होताना फारसा आवाज होत नाही. शर्टांची थोडी सळसळ, एवढंच. सबनीसांनी मोजायचा प्रयत्नही केला नाही, मान डोलावली आणि पुढच्या विषयाकडे वळले.

हमीदचा हात अजून वरच होता. मत घेऊन झालं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. ते माझ्याकडे कलून हळूच म्हणाले, "टाळ्या ऐकल्यास ना? किती हात झाले रे?"

मी त्यांचा हात धरून खाली आणला. त्यांच्या तळव्यावर बोटाने वाजवलं, 'तीन.'

"आपण दोघं धरून?"

'हो.'

मग म्हणाले, "आणि त्यांचे?"

'बाकी सगळे.'

सभा संपल्यावर मी पाटीवर लिहून सबनीसांना दाखवलं, 'माझं पान मसुद्यातून काढा.' त्यांनी वाचलं. त्यांना खरंच कळलं नाही. "का, काका?" ते म्हणाले. "त्यात काही खोटं आहे का?"

मी पेन्सिल हातात धरून उभा राहिलो. खोटं काहीच नव्हतं. टायपिंगने मला आवाज दिला होता, हे कालही खरं होतं आणि आजही. माझ्या मागे कोणीतरी सबनीसांचं अभिनंदन करायला थांबलं होतं. मी बाजूला झालो. पान मसुद्यासोबत गेलं.

विश्रांतवाडीपर्यंत आम्ही रिक्षाने गेलो. सबंध शहर ओलांडावं लागतं. हमीद अधूनमधून विचारत होते, "कुठे आलो?" मला पुण्यातली नावं ठाऊक नव्हती आणि रिक्षा इतकी उडत होती की गुडघ्यावर वाजवलेलं त्यांना कळत नव्हतं. शेवटी रिक्षावाल्यालाच दया आली. तो म्हणाला, "आजोबा, पूल आला. मी सांगतो तुम्हाला, बसा निवांत." आणि मग प्रत्येक चौकात तो मोठ्याने नाव सांगत गेला. हमीद दर वेळी त्याला "शुक्रिया" म्हणत होते. माझ्याकडे त्यांनी तोंड वळवलं नाही. रागावले नव्हते. मला वाटतं, ते दमले होते.

परत

चाळीसगावला उतरलो तेव्हा बायको स्टेशनवर आली होती. तिने माझ्या खांद्यावरची बॅग घेतली आणि रिक्षा केली.

दिल्लीहून त्या सूचनेचं उत्तर आलं की नाही, मला माहीत नाही. कोणाला उत्तराची गरजही भासली नाही. सभेने ठरवलं, एवढ्यावर मेलची आणखी केंद्रं सुरू झाली. आम्ही सकाळची जागा बदलली, मग पुन्हा बदलली. डोळस माणसाला नवी जागा शोधणं कठीण नाही, आकडे दिसतात. हमीदना यंत्राच्या बटणाचे टप्पे बोटाने मोजत यावं लागे. कित्येकदा ते एका बाजूला हाक मारत असत आणि मी दुसऱ्या बाजूला. खरखरीत दोघंही एकमेकांना सापडत नसू. एकदा मी त्यांची हाक ऐकली, उत्तर दिलं, आणि माझ्या उत्तरावरच मेलची खरखर सुरू झाली. ती थांबली तेव्हा ते गेलेले होते.

त्या पावसाळ्याआधी त्यांच्या सोसायटीने गच्चीला डांबर लावायला काढलं. त्यासाठी हमीदची वायर उतरवली. काम झाल्यावर पुन्हा चढवायला मुलाने माणूस पाठवतो म्हणून सांगितलं होतं. हमीदनीच नको म्हणून सांगितलं, असं मला वहिनींकडून कळलं.

पूर, भूकंप, काहीही होवो, त्या केंद्रांचा उपयोग होवो. मी वाईट चिंतत नाही. दुकानात बसलेलो असतो तेव्हा मलाही कळतं की पुराच्या पाण्यात अडकलेल्या माणसाचा मेल माझ्या गप्पांपेक्षा मोठा आहे. पण रोज सकाळी तिथून जातं ते काय, हे मला ठाऊक नाही. ते आम्हाला वाचता येत नाही.

लोक म्हणतात, फोन आहे की. आहे. ईदला हमीदचा येतो. ते बोलतात, मी रिसीव्हरवर चमचा वाजवतो. त्यांना ते नीट ऐकू येत नाही, पण ते "हं, हं" म्हणतात. शिवाय फोन करायला काहीतरी कारण लागतं. सकाळी रेडिओ लावायला आम्हाला कधी कारण लागलं नव्हतं.

गेल्या दिवाळीत मी दुकानातून एकट्याने फोन लावला. वहिनींनी उचलला. पलीकडून कोणी बोलत नाही म्हटल्यावर त्यांनी ओळखलं. "वाणीभाऊ का? दिवाळीच्या शुभेच्छा हं. हे आत्ताच झोपलेत हो, रात्रभर जागे होते. उठवू का?"

मी चमचा वाजवला. त्यांना मोर्स येत नाही.

"उठवू का, भाऊ?" त्यांनी पुन्हा विचारलं. "तुम्ही लांबून केलाय फोन. उठवते मी, थांबा."

नको, झोपू द्या, एवढंच मला सांगायचं होतं. मी फोन ठेवून दिला.